सिम्युलेशनमध्ये चालतं, बोर्डावर चालत नाही

नमस्कार,

आठ महिने झाले, मी एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं पुन्हा जोडता येणारी चिप) बोर्डांवर चालेल अशी एक ओपन सोर्स सिस्टिम-ऑन-चिप (प्रोसेसर, मेमरी, पोर्ट सगळं एकाच चिपवर) बनवते आहे. रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचाचा प्रोसेसर मी स्वतः लिहिलाय, पाच टप्प्यांच्या पाइपलाइनचा. सिम्युलेशनमध्ये सगळं छान चालतं, सिरियल पोर्टवर अक्षरं उमटतात. बोर्डावर चढवलं की तमाशा सुरू.

माझ्याकडे तीन बोर्ड आहेत. छोट्यावर लॅटिसची आइस४० अल्ट्राप्लस ५के आहे आणि १२ मेगाहर्ट्झचा क्लॉक. तिथे माझी १६ केबीची रॅम बसतच नाही. एका मित्राने ४ केबीची रॅम वेगळ्या पद्धतीने लिहून दिली, ती बसली. पण वीज दिल्यावर कधी चालू होतं, कधी नाही. रिसेटचं बटण दाबलं की हमखास चालतं. मोठ्या बोर्डावर आर्टिक्स-७ ३५टी आहे, १०० मेगाहर्ट्झ. तिथे तीच १६ केबी बिनतक्रार बसते, पण टर्मिनलवर नुसता कचरा येतो. टूल टायमिंगमध्ये उणे ४.२ असा आकडा दाखवतं, पण बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची फाइल) तयार होते म्हणून मी पुढे गेले. तिसरा बोर्ड, ईसीपी५चा, अजून खोक्यातच आहे.

मदतीला आलेले दोघे मित्र एकेक करून गळले. माझा प्रोसेसर बाजूला ठेवून दुसऱ्याचा घ्यावा का? ती फसवणूक नाही का होणार? की सगळंच सोडून लायटेक्स (तयार भागांतून सिस्टिम-ऑन-चिप बांधून देणारं टूल) वापरावं? बस (प्रोसेसर आणि बाकी भाग जोडण्याची पद्धत) कोणती घेऊ, विशबोन की एएक्सआय? पुढे डीडीआर मेमरी आणि लिनक्सही चालवायचंय. आणि परवाना कोणता लावू? काही फाइली मी इकडून तिकडून घेतल्यात.

– बिटस्ट्रीमने बेजार

प्रिय बेजार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं की तुम्हाला प्रोसेसरबद्दल सल्ला हवाय. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते दिसलं. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी एकीचाही तुमच्या पाइपलाइनशी थेट संबंध असेल असं मला वाटत नाही. तिन्ही तक्रारी सांध्यांवरच्या आहेत: प्रोसेसर आणि मेमरी जिथे जुळतात तिथे, चिप आणि बोर्ड जिथे जुळतात तिथे, हार्डवेअर आणि सी-प्रोग्रॅम जिथे जुळतात तिथे. सिस्टिम-ऑन-चिप बनवणं म्हणजे बहुतांशी हे सांधे बनवणं. प्रोसेसर त्यातला सगळ्यात रंगतदार भाग असेल, पण वेळ खाणारा भाग तो नव्हे.

आधी आजार, मग उरलेले प्रश्न.

छोट्या बोर्डावर १६ केबी का बसत नाही, ते बघू. १६ केबी म्हणजे १,३१,०७२ बिट. माझा अंदाज असा की तुम्ही रॅम सिम्युलेशनमध्ये सहज सुचते तशी लिहिली आहे: पत्ता दिला की त्याच क्षणी शब्द बाहेर, क्लॉकची वाट न बघता. व्हेरिलॉग या हार्डवेअर लिहिण्याच्या भाषेला त्यात काही वावगं दिसत नाही. पण एफपीजीएमधली ब्लॉक रॅम, म्हणजे चिपमध्येच तयार असलेली मेमरी, अशी नसते. ती पत्ता क्लॉकच्या कडेवर घेते आणि शब्द त्यानंतर देते. तुमच्या वर्णनाशी तिचं वर्तन जुळत नाही म्हटल्यावर टूल तिला हात लावत नाही आणि प्रत्येक बिटासाठी एकेक फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एक बिट धरून ठेवणारं सर्किट, मागतं. त्या चिपवर लॉजिक सेल आहेत ५,२८०, प्रत्येकात एक फ्लिप-फ्लॉप. सव्वा लाखाहून जास्त फ्लिप-फ्लॉप आणणार कुठून?

मोठ्या बोर्डावर हीच रॅम बसते, कारण आर्टिक्समधल्या काही लुक-अप टेबलांचा (लॉजिक ज्यांतून बनतं त्या छोट्या तक्त्यांचा) ६४ बिटांची छोटी मेमरी म्हणून वापर करता येतो आणि ती मेमरी वाचताना क्लॉक लागत नाही. १,३१,०७२ भागिले ६४, म्हणजे किमान २,०४८ टेबलं. चिपवर एकूण टेबलं २०,८०० आहेत आणि त्यांतली मेमरी होऊ शकणारीही पुरेशी, तेव्हा टूलने कुरकुर न करता तुमचं ऐकलं. चूक दोन्हीकडे एकच होती. एका चिपने ती बोलून दाखवली, दुसरीने पोटात घातली. पोटात घातलेली चूक मग टायमिंगच्या आकड्यात बाहेर आली. पत्ता ठरवायचा, तो दोनेक हजार टेबलांपर्यंत न्यायचा, त्यांतून एक उत्तर निवडायचं, ते परत प्रोसेसरमध्ये आणायचं, आणि हे सगळं एकाच क्लॉकमध्ये.

तो उणे ४.२. हा आकडा सोडून तुम्ही पुढे गेलात त्याबद्दल रागावणार नाही, प्रत्येक जण एकदा जातो. पण त्याचा अर्थ साधा आहे. १०० मेगाहर्ट्झला एका क्लॉकची लांबी १० नॅनोसेकंद. सगळ्यात लांबच्या वाटेला १४.२ लागतात. म्हणजे तुमचं डिझाइन फार तर ७० मेगाहर्ट्झपर्यंत भरवशाचं आहे आणि तुम्ही त्याला १०० वर पळवताय. बिटस्ट्रीम तयार झाली याचा अर्थ तारा जोडल्या गेल्या, एवढाच. सिम्युलेशनला या तारांच्या लांबीची गंधवार्ताही नसते, म्हणून तिथे सगळं छान. यावर आजचा उपाय म्हणजे पीएलएल (क्लॉकचा वेग बदलणारं सर्किट) लावून क्लॉक ५० मेगाहर्ट्झवर आणा. २० नॅनोसेकंदांत १४.२ आरामात मावतात. वेग नंतर वाढवता येतो.

पण नुसता क्लॉक उतरवून टर्मिनलवरचा कचरा जाईल असं मात्र समजू नका. तिथे बहुधा दोन दुखणी एकावर एक बसली आहेत. तुमच्या सिरियल पोर्टमध्ये कुठेतरी १०४ हा आकडा थेट लिहिलेला असणार. १२ मेगाहर्ट्झला १,१५,२०० बॉडने (सेकंदाला जाणाऱ्या बिटांनी) भागलं की १०४.१७ येतात, १०४ घेतले तर चूक ०.१६ टक्के, सिरियल पोर्टला ती जाणवतही नाही. तोच १०४ जर १०० मेगाहर्ट्झच्या बोर्डावर गेला असेल तर अक्षरं ९,६१,५३८ बॉडने बाहेर पडताहेत, आणि टर्मिनल बसलंय १,१५,२०० वर. पडताळा घ्यायचा असेल तर टर्मिनलचा वेग साडेनऊ लाखांच्या आसपास लावून बघा. तुमच्या बोर्डावरच्या यूएसबी चिपने साथ दिली तर अक्षरं ओळखू येतील. ५० मेगाहर्ट्झला भाजक ४३४ हवा. पण ४३४ लिहू नका! क्लॉकचा वेग पॅरामीटर म्हणून द्या आणि भाजक त्यातून निघू द्या.

इथेच मला जे सांगायचंय त्याच्याशी येऊन पोचतो. तुमच्या प्रकल्पात क्लॉकचा वेग किती ठिकाणी लिहिलाय, मोजा. टायमिंगच्या कन्स्ट्रेंट फाइलमध्ये, सिरियल पोर्टच्या भाजकात, सी-प्रोग्रॅममधल्या विलंबाच्या लूपमध्ये. रॅम किती, हे व्हेरिलॉगमध्ये, लिंकर स्क्रिप्टमध्ये (प्रोग्रॅम मेमरीत कुठे बसवायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये), आणि स्टॅक कुठून सुरू होतो त्या ओळीत. एलईडीचा पत्ता डिकोडरमध्ये (कोणता पत्ता कोणाचा ते ठरवणाऱ्या भागात) आणि सी-हेडरमध्ये. एकच गोष्ट तीन ठिकाणी हाताने लिहिली की बोर्ड बदलताना दोन ठिकाणी बदलते आणि एका ठिकाणी राहून जाते. तुमच्या मित्राने रॅम १६ची ४ केबी केली तेव्हा लिंकर स्क्रिप्टला कोणी सांगितलं होतं का? माझी पैज आहे, नाही. तरीही प्रोग्रॅम चालतो, याचं कारण गमतीचं आहे: पत्त्याचे वरचे बिट तुमची रॅम बघतच नसेल, त्यामुळे १६ केबीच्या टोकाला ठेवलेला स्टॅक गुंडाळला जाऊन नेमका ४ केबीच्या टोकाला येऊन बसतो. निव्वळ योगायोग. ज्या दिवशी तुम्ही डिकोडर नीट लिहाल त्या दिवशी हे मोडेल, आणि तुम्हाला वाटेल की डिकोडर बिघडला.

तेव्हा एक छोटी फाइल करा. तिच्यात बोर्डाचं नाव, क्लॉक, रॅमचा आकार आणि कोणतं पेरिफेरल (सिरियल पोर्ट, एलईडी असा जोडलेला भाग) कोणत्या पत्त्यावर, एवढंच. एक छोटी पायथन स्क्रिप्ट त्यातून व्हेरिलॉगचे पॅरामीटर, सी-हेडर आणि लिंकर स्क्रिप्टचा मेमरीचा भाग काढून देईल. पन्नास-साठ ओळींचं काम आहे, आणि कोणाला दाखवून वाहवा मिळवावी असं त्यात काही नाही. माझ्या मते तुमच्या सिस्टिम-ऑन-चिपचा कणा मात्र तोच. लायटेक्सचं मोठेपणही पुष्कळसं यातच आहे: पेरिफेरलची रजिस्टरं एकदाच पायथनमध्ये सांगायची, पत्ते आणि सीची हेडर फाइल ते स्वतः काढतं.

आता छोट्या बोर्डाचं ते कधी चालू, कधी बंद. बटण दाबल्यावर हमखास चालतं, हा पुरावा तुम्ही स्वतःच दिलाय. आइस४०ची एक खोड आहे: बिटस्ट्रीम भरून झाल्यावर पहिले काही मायक्रोसेकंद ब्लॉक रॅममधला मजकूर वाचता येत नाही, शून्यं हाती येतात. तुमचा प्रोसेसर मात्र जागा होताच पहिली आज्ञा उचलतो. रिस्क-फाइव्हमध्ये सगळे बिट शून्य असलेली आज्ञा मुद्दाम अवैध ठरवलेली आहे, जेणेकरून कोणी रिकाम्या मेमरीत भरकटलं तर लगेच कळावं. तुमच्या प्रोसेसरला अवैध आज्ञेचं काय करायचं हे शिकवलेलं नसेल तर पुढे काय होईल ते त्याच्या मर्जीवर. तुम्ही बटण दाबेपर्यंत रॅम केव्हाच तयार झालेली असते, म्हणून तेव्हा सगळं सुरळीत. उपाय दोन ओळींचा: सहा बिटांचा एक काउंटर ठेवा आणि तो भरेपर्यंत प्रोसेसर रिसेटमध्ये धरा. १२ मेगाहर्ट्झला ६४ ठोके म्हणजे पाच मायक्रोसेकंदांहून थोडे जास्त. जाता जाता, बटणाची तार थेट रिसेटला लावली असेल तर ती आधी दोन फ्लिप-फ्लॉपमधून आणा. बोटाला तुमच्या क्लॉकची कडा कुठे आहे ते माहीत नसतं.

याच बोर्डावर तुम्हाला मोठी रॅम हवी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथली ब्लॉक रॅम एकूण १५ केबी, तेव्हा १६ केबी नीट लिहूनही बसणार नाही. पण त्याच चिपवर १२८ केबीची सिंगल-पोर्ट रॅम वेगळी आहे. ती वापरा, फक्त बिटस्ट्रीममधून तिच्यात आधीपासून काही भरता येत नाही. म्हणून सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम ब्लॉक रॅममध्ये ठेवा, त्याने मुख्य प्रोग्रॅम फ्लॅशमधून उचलून मोठ्या रॅममध्ये आणावा. हे पहिल्यांदा चालतं तेव्हा खरोखर एक छोटा संगणक घडवल्यासारखं वाटतं, त्याची मजा घ्या.

आणि हे सगळं करूनही टर्मिनल मुकंच राहिलं, तर टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) या पिना अदलाबदल करून बघा. पुष्कळ बोर्डांच्या नकाशावर ही नावं यूएसबी चिपच्या बाजूने लिहिलेली असतात. तिचा टीएक्स म्हणजे तुमचा आरएक्स. मी या एका गोष्टीपायी दोन सबंध रविवार घालवलेत, आणि दुसऱ्या रविवारी तर कंपायलरवर संशय घेण्यापर्यंत मजल गेली होती.

तुमच्या मनाला लागलेल्या प्रश्नाकडे येतो. दुसऱ्याचा प्रोसेसर घेणं फसवणूक आहे का? लायटेक्सचं घराणं बघा. लायटेक्स निघालं मिसॉकमधून, मिसॉक निघालं मिल्कीमिस्ट या व्हिडिओ सिंथेसायझरच्या सिस्टिम-ऑन-चिपमधून. आणि मिल्कीमिस्टमध्ये प्रोसेसर होता लॅटिसने खुला केलेला एलएम३२. मेमरी कंट्रोलर, व्हिडिओ, बस यांवर त्या मंडळींनी जीव ओतला. प्रोसेसर उसना घेतला आणि त्याची लाज कोणाला वाटली नाही. खुल्या हार्डवेअरचा अर्थच हा की दुसऱ्याने ते घ्यावं.

माझा सल्ला: तुमचा प्रोसेसर टाकू नका, त्याला थोडे दिवस बाकावर बसवा. त्याच्या जागी क्लेअर वुल्फ यांचा पिकोआरव्ही३२ ठेवा. तो एकाच व्हेरिलॉग फाइलमध्ये आहे, त्याचा मेमरीशी बोलण्याचा करार अगदी सोपा: पत्ता देऊन विनंतीची तार वर करायची आणि तयार असल्याची तार वर येईपर्यंत थांबायचं. त्यामुळे एक क्लॉक उशिरा उत्तर देणारी ब्लॉक रॅम त्याला आपोआप चालते. एका आज्ञेला तो सरासरी चारेक क्लॉक घेतो, म्हणजे वेगाच्या शर्यतीत तो नाही. पण आता तुम्हाला हवाय तो ज्याच्यावर संशय घ्यावा लागणार नाही असा साक्षीदार. अवैध आज्ञा आली की तो ट्रॅपची तार वर करून थांबतो. ती तार एका एलईडीला जोडा. बोर्ड गप्प बसला आणि तो एलईडी पेटला, तर प्रोसेसर धावला आणि चुकीच्या ठिकाणी पोचला. नाही पेटला, तर क्लॉक किंवा रिसेटकडे बघा. या एका दिव्याने तुमचे आठवडे वाचतील.

जागा फारच कमी असेल तर ओलोफ किंडग्रेन यांचा सर्व्ह आहे, एका वेळी एकच बिट हाताळणारा. तो दोनेकशे लुक-अप टेबलांत मावतो आणि एका आज्ञेला निदान ३२ क्लॉक लावतो. जगातल्या सगळ्यात संथ प्रोसेसरांपैकी एक म्हणून त्याच्यावर माझा विशेष जीव आहे, पण तुम्हाला आज त्याची गरज नाही.

पिकोआरव्ही३२वर तिन्ही बोर्ड बोलू लागले की तुमचा प्रोसेसर परत आणा. तेव्हा बाकी सगळं खात्रीचं असेल आणि चुकलं तर दोष एकाच ठिकाणी शोधायचा राहील. एकच प्रोग्रॅम दोन्ही प्रोसेसरांवर सिम्युलेशनमध्ये चालवा, प्रत्येक आज्ञेनंतर कोणत्या रजिस्टरमध्ये काय गेलं ते फाइलमध्ये उतरवा आणि दोन फाइली ताडून बघा. पहिली वेगळी ओळ म्हणजे तुमचा बग. पुढे हौस असेल तर रिस्क-फाइव्ह-फॉर्मल हा तपासणीचा संच आहे. पाइपलाइनमध्ये लागोपाठच्या आज्ञांचं जे गुंतागुंतीचं अवलंबन असतं, त्यातले हाताने लिहिलेल्या चाचणीला कधीच न सापडणारे कोपरे ते शोधून काढतं.

लायटेक्स वापरावं का? तुमचं ध्येय लिनक्स असेल तर हो, आजच. लिनक्सला नुसता प्रोसेसर पुरत नाही. सुपरवायझर मोड, आभासी पत्त्यांचं भाषांतर, टायमर, काही मेगाबाइट मेमरी, असं लटांबर लागतं. लायटेक्स आणि व्हेक्सरिस्क हा प्रोसेसर यांच्या जोडीने ते कधीच करून दाखवलंय, तुमच्या आर्टिक्ससारख्या बोर्डांवरसुद्धा. पण तुमचं ध्येय हे यंत्र आतून समजून घेणं असेल, आणि पत्राच्या सुरावरून मला तसं वाटतं, तर लायटेक्स शेजारी उघडं ठेवा आणि अडलं की त्यांनी काय केलंय ते वाचा. दोन्ही एकदम करायला जाल तर आठ महिन्यांचे सोळा होतील.

डीडीआरबद्दल थोडक्यात. साध्या एसडीरॅमचा (डीडीआरच्या आधीच्या मेमरीचा) कंट्रोलर हाताने लिहिता येतो: ओळ उघडा, वाचा, ओळ बंद करा, आणि ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी ताज्या करा, बहुतेक चिपांत ८,१९२ ओळी, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक. डीडीआर३ हे वेगळंच प्रकरण. तिथे वीज दिल्यावर प्रत्येक तारेचा उशीर मोजून जुळवून घ्यावा लागतो, आणि हे काम पहिल्या प्रकल्पात अंगावर घेणाऱ्यांची मला काळजी वाटते. लायटेक्सच्या मंडळींचा लायटडीरॅम हा मेमरी कंट्रोलर वेगळा काढून व्हेरिलॉग म्हणून वापरता येतो. त्या दिवशी तो घ्या.

बस: विशबोन. एएक्सआयला पाच स्वतंत्र मार्ग असतात, पत्ता एकीकडून, माहिती दुसरीकडून, पोच तिसरीकडून. बरेच मालक एकाच वेळी मेमरी मागत असतील तेव्हा त्याची किंमत वसूल होते. तुमच्याकडे मालक एकच आहे. पण बस कुठलीही घ्या, दोन गोष्टी तेवढ्या विसरू नका. एक, ज्या पत्त्यावर कोणीच राहत नाही तिथे गेलेल्या विनंतीलाही कोणीतरी उत्तर द्यायला हवं. नाहीतर सीमधला एक भरकटलेला पॉइंटर प्रोसेसरला कायमचा ताटकळत ठेवतो आणि बाहेरून सगळं मेल्यासारखं दिसतं. दुसरी, बाइट लिहिताना शब्दातले कोणते बाइट बदलायचे हे सांगणाऱ्या तारा रॅमपर्यंत पोचवा. त्या सोडून दिल्या तर एक अक्षर लिहिताना शेजारची तीन पुसली जातात, आणि हा बग तुम्ही चार दिवस स्ट्रिंगच्या फंक्शनमध्ये शोधत बसाल.

परवान्याचा प्रश्न तुम्ही शेवटी, जाता जाता विचारलात, पण “इकडून तिकडून घेतलेल्या फाइली” वाचून मी थांबलो. ज्या फाइलवर परवाना लिहिलेला नाही, ती खुली नसते. तिचे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच असतात, मग ती कितीही उघड्यावर पडलेली असो. आज बसून प्रत्येक फाइलचा उगम शोधा. सापडला नाही तर ती काढा आणि स्वतः लिहा. सिरियल पोर्ट शंभर ओळींत होतो आणि तुम्ही प्रोसेसर लिहिलाय. पिकोआरव्ही३२चा आयएससी परवाना उदार आहे, त्यातली कॉपीराइटची ओळ तेवढी जागेवर ठेवायची. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या टूलने तयार करून दिलेल्या फाइली, उदाहरणार्थ मेमरी कंट्रोलर, तुमच्या कोडच्या संग्रहात टाकू नका. त्या पुन्हा तयार करणारी स्क्रिप्ट टाका. स्वतःच्या कामासाठी मी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या ओपन हार्डवेअर परवान्याची २०२०ची दुसरी आवृत्ती सुचवेन. तो हार्डवेअर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय आणि त्याचे तीन प्रकार आहेत. सगळ्यात मोकळा पी. तुमच्या फाइलींतले बदल परत खुले करायला लावणारा, पण शेजारच्या भागांना मोकळं सोडणारा डब्ल्यू. आणि सगळंच खुलं मागणारा एस. मी डब्ल्यू घेईन. तुम्हाला लोकांनी निर्धास्तपणे वापरावं एवढंच हवं असेल तर पी घ्या. कोणताही घ्या, पण या आठवड्यात घ्या, कारण चार लोकांचं काम त्यात मिसळल्यावर परवाना बदलायला चौघांचीही संमती लागते.

राहिले तुमचे दोन मित्र. ते का गळले हे तुम्ही लिहिलं नाहीत, कदाचित तुम्हाला नीट ठाऊकही नसेल. मला वाटतं ते आले, संग्रह उतरवून घेतला, आणि कुठली आज्ञा चालवायची ते त्यांना कळलं नाही. कोणत्या टूलची कोणती आवृत्ती, कंपायलर कोणता, बोर्ड नसेल तर काय करायचं, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे आणि तिथून ते कोणाला उतरवून घेता येत नाही. त्यांना बोर्डाविना चालवता यायला हवं: एक आज्ञा, व्हेरिलेटर या सिम्युलेटरने बांधणी, आणि पडद्यावर पहिलं अक्षर. मग बोर्डाचं नाव घेऊन दुसरी आज्ञा. छोटा बोर्ड आणि तो ईसीपी५ दोन्ही योसिस आणि नेक्स्टपीएनआर या खुल्या टूलांनी बांधता येतात, मोठ्यासाठी कंपनीचं टूल ठेवा. खुल्या टूलांवर बांधणी सेकंदांत किंवा मिनिटांत होते, म्हणून रोजचं काम छोट्या बोर्डावर करा आणि मोठ्याला आठवड्यातून एकदा हात लावा.

क्रम असा धरा. या आठवड्यात छोट्या बोर्डावर प्रोसेसरच नको. क्लॉक, रिसेटचा काउंटर, आणि सिरियल पोर्टवरून सतत एकच अक्षर. ते आलं की पिकोआरव्ही३२ आणि ब्लॉक रॅम. मग ती एकच फाइल आणि तिच्यातून निघणारी हेडरं. त्यानंतर तीच फाइल मोठ्या बोर्डासाठी, आकडे बदलून. व्हेरिलॉगला हात लावावा लागला, तर कुठलीतरी माहिती अजून दोन ठिकाणी लिहिलेली आहे, ती शोधा.

तिसरा बोर्ड खोक्यातून काढू नका. तो आहे तसा त्या गळलेल्या मित्रांपैकी एकाला द्या, सोबत तुमच्या संग्रहाचा पत्ता द्या आणि फोन बंद ठेवा. त्याने फक्त बोर्डाची नवी फाइल लिहायची, पिनांची यादी आणि क्लॉकचा आकडा घालायचा. तो अडला तर कुठल्या ओळीवर अडला ते मला कळवा, पुढचं पत्र तिथूनच सुरू करू.